मिरचीच्या वाफ्यातली घोळ

"अगं, तण उपटायला सांगितलं होतं, भाजी निवडायला नाही!" ओकबुन ओट्यावरून ओरडली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, त्यामुळे चार दिवस सगळं काम तोंडानंच चाललं होतं.

मिरचीच्या वाफ्यात बसलेल्या सुनेनं, थोआनं, मान वर केली नाही. तिनं दोन वाटे केले होते. गवत फेकायला, घोळ टोपलीत. लाल देठ, गुबगुबीत पानं. प्रत्येक काडी ती मोडून बघत होती. पांढरा चीक आला की ती काडी घोळीची नव्हे; ती गवतात जायची.

"आई, हे आम्ही खातो. व्हिएतनामला."

"आम्हीपण खायचो," कुंपणापलीकडून शेजारची जोमन्ये म्हणाली. "लढाईच्या साली. तेवढी जन्माला पुरली. पण ओकबुन, तू खा बाई. चार दिवस नुसता पाणीभात गिळतेयस म्हणे!"

"माझा हात बरा होऊ दे, मग बघू."

जोमन्ये हसत आत गेली. ओकबुन दुसऱ्या कुणाच्या हातची पालेभाजी खात नाही, हे सगळ्या आळीला माहीत होतं. पाला उकडून पिळायचा, बोटांनी मसाला चोळायचा. चव हाताची, असं या गावात मानतात. आणि नव्या सुनेच्या हाताबद्दल ओकबुन पहिल्याच आठवड्यात याच कुंपणाशी बोलली होती, "माशाच्या पाण्याचा वास येतो गं." माशाचं पाणी म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला खारट रस, थोआच्या माहेरच्या स्वयंपाकातला. थोआला तेव्हा इथली भाषा येत नव्हती. तरी दुसऱ्या दिवसापासून ती प्लास्टिकचे हातमोजे घालून स्वयंपाक करायला लागली. त्याला आता दीड वर्ष झालं.

"आणि ही काय खुडायची वेळ?" ओकबुननं पुन्हा विचारलं. "सकाळी काय झालं होतं?"

"सकाळची आंबट लागते, आई. उन्हं उतरली की आंबटपणापण उतरतो."

ओकबुन ओट्याच्या कडेला सरकली. "कुणी सांगितलं तुला?"

"आईनं. माझ्या."

ओकबुनलाही हे एकाच बाईनं सांगितलं होतं, तिच्या आईनं. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

थोआनं आधण ठेवलं. घोळ टाकली, पुटपुटत दहा मोजले, गार पाण्यात काढली, बुळबुळ जाईपर्यंत धुतली. सोयाबीनची मुरलेली चटणी, तिखट, लसूण, तिळाचं तेल. दारात उभ्या असलेल्या ओकबुनला काही सांगावं लागलं नाही, आणि ते तिला जरा जडच गेलं.

थोआनं सवयीनं हातमोजे चढवले.

"काढ ते."

"आई?"

"मला काय प्लास्टिकची चव खायला घालणार आहेस?"

थोआनं हातमोजे काढले. बोटांची टोकं घोळीनं हिरवट झाली होती. तिनं भाजी मूठमूठ पिळली, मसाला चोळला, चिमूटभर उचलली आणि अडखळली.

ओकबुननं डॉक्टरपुढे उघडावं तसं तोंड उघडलं.

ती चावत राहिली. बराच वेळ. थोआ तिच्या जबड्याकडे बघत होती.

"अळणी आहे," ओकबुन म्हणाली. "तांदळाच्या पिंपामागे लपवलंयस ना, ते तुझं माशाचं पाणी आण. थेंबभरच घाल हं."