चौतीस बाटल्या

कौसाबाईंना चावडीच्या ओट्यावर आणून बसवले, तेव्हा त्यांना डोक्यावरचा पदरही कोणी सावरू दिला नाही. त्या गावच्या वृद्ध सुईण. समोर उभे असलेल्यांपैकी निम्म्यांना पहिली आंघोळ त्यांच्याच हातांनी घातली होती. आज सगळे त्या हातांकडेच पाहत होते.

अकरा दिवसांत एकाच गल्लीतील दोन बालके जुलाब-वांतीने गेली होती. पाच शहाद्याच्या रुग्णालयात होती. गेलेल्यांपैकी एक बन्सीलाल आबांचा नातू. आबा मोठे बागाईतदार, पपईच्या बागांचे धनी. बोलणे मोजके आणि शब्दाला वजन. त्यांच्या पत्नी गजराबाईंनी परगावाहून भगत बोलावला होता. एकेका बाईचे नाव घेऊन तो ज्वारीचा दाणा वाटीतील पाण्यात सोडणार होता. जिच्या नावाचा दाणा बुडेल, ती डाकीण. पहिले नाव कौसाबाईंचे होते. वीस वर्षांपूर्वी अशाच एका दाण्यानंतर एक बाई गाव सोडून गेली, असे सांगत. ती कोणत्या गावी पोचली, हे मात्र कोणी सांगत नसे.

भगताने वाटी पुढे ओढली, तोच गर्दीतून रुचिका पुढे आली.

ती गावची सून, विज्ञानाची पदवीधर. सासू-सासरे हयात नव्हते. नवरा नवनीत सुरतेस नोकरीला. पाणी तपासण्याचे प्रशिक्षण घेतलेली गावात ती एकटीच. तिने तळाशी औषध घातलेल्या दोन लहान बाटल्या ओट्यावर ठेवल्या, पाण्यात घाण असेल तर ते काळे पडते असे सांगितले आणि एका दिवसाची मुदत मागितली. नवनीतची बायको आता औषधे विकू लागली काय, असे कोणी तरी मागून बोलले. चार जण हसले. परंतु आबांचा पुतण्या भाग्येश अभियंता होता. पुराव्याशिवाय निवाडा करण्याचे दिवस गेले, असे त्याने काकांना समजावले. भगताला एक दिवस थांबवून घेण्यात आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्लीतल्या जुन्या विहिरीच्या पाण्याची बाटली काजळासारखी काळी झाली होती. उकळलेल्या पाण्याची स्वच्छ होती. विहिरीलगतच्या शौचखड्ड्याची घाण झिरपून पाण्यात उतरते आहे, हे रुचिकेने जमिनीवर रेघा ओढून दाखवले. आबांनी काळी बाटली उचलली आणि उन्हाकडे धरून बराच वेळ फिरवली.

"तुन्ही बाटली खोटं तं बोलत नही ना, बेटा?"

"माणूस खोटं बोलेल, आबा. बाटली बोलणार नाही."

त्याच सायंकाळी कौसाबाई आपल्या घरी परतल्या. विहिरीवर काटेरी झुडपे टाकली गेली, गावात टँकर आला, आणि घरोघरी चुलीवर पाणी उकळू लागले. रुचिकेने नवनीतला फोन करून सांगितले, की ज्या गावाला तो शंभर वर्षे मागासलेले म्हणून हसतो, त्या गावाने ती शंभर वर्षे एका दुपारी ओलांडली.

तिसऱ्या दिवशी भाग्येश तिच्या दारी आला. काकांची इच्छा आहे, की गल्लीतील चौतीसही घरांची तपासणी व्हावी. घरटी एक बाटली. रुचिकेला काय करू नि काय नको असे झाले. तिने शहाद्याहून बाटल्या आणवल्या. घरातले पाणी बायकाच भरतात, म्हणून प्रत्येक बाटलीवर त्या घरच्या बाईचे नाव लिहावे, म्हणजे घोटाळा होणार नाही, असे तिनेच सुचवले. भाग्येशने सुवाच्य अक्षरांत चौतीस नावे लिहिली. चौतिसावे तिचे.

बाटल्या भरण्याच्या दिवशी ती रुग्णालयात मुलांना पाहावयास गेली होती. परतल्यावर शेजारणीने सांगितले, की तिची बाटली गजराबाई स्वतः येऊन भरून घेऊन गेल्या. स्वयंपाकघराला कुलूप होते, म्हणून ओसरीवरच्या घागरीतले पाणी घेतले. रुचिकेला हसू आले. त्या घागरीत तिने जुन्या विहिरीचे पाणी झाकून ठेवले होते, तालुक्याच्या अधिकाऱ्यांना दाखवण्यासाठी. एक बाटली वाया गेली, एवढेच तिच्या मनात आले. उद्या सांगू, असे म्हणून ती पाणी उकळावयास बसली.

दुसऱ्या दिवशी माध्यान्ही तिला चावडीत बोलावणे आले. निकाल ऐकण्यासाठी इतके लोक जमलेले पाहून तिला समाधान वाटले. बायकांनी वाट करून दिली. वाट जरा अधिकच रुंद होती. कौसाबाईही त्यांच्यात होत्या, डोक्यावर पदर नीट घेतलेल्या. रुचिकेने त्यांच्याकडे पाहून स्मित केले. त्यांनी नजर खाली वळवली.

भगत अजून गेला नव्हता. त्याची वाटी पालथी पडली होती. त्याच्यापुढे पाटावर चौतीस बाटल्या ओळीने मांडल्या होत्या, आणि प्रत्येकीला कुंकवाचे बोट लावलेले होते.

भाग्येशने चावडीचे दार आतून लावून घेतले.

आबा उठले. त्यांचा स्वर मृदू होता. नातू गेल्यापासून इतका शांत स्वर कोणी ऐकला नव्हता.

"दाणा पाण्यामा टाकीसन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चुकनूत, बेटा. कौसामायवर उगाच आळ उना. तुन्ही बाटलीनी खरं नाव सांगं."

एवढे बोलून त्यांनी पाटावरची एकुलती काळी बाटली उचलली, आणि तिच्यावरील नाव रुचिकेला वाचता येईल अशी फिरवली.