तीन किलोची पिशवी

"लाडू बाजूला ठेव," महिपत म्हणाले. "पोरगा सुदानला आहे, बारशाला गेलेला नाही."

नंदानं लाडवांचा डबा उचलून पुन्हा ओट्यावर ठेवला.

डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून बाजार मांडलेला. टेबलावर सामान, मधोमध हुकाचा वजनकाटा. त्यांचा एकुलता एक साईनाथ शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानला जाऊन सात महिने झालेले. त्याच्याच तुकडीतला मित्र सुशांत सुटीवर कल्याणला घरी आलाय, हे कळल्यावर महिपतांनी फोन करकरून त्याला गाठलं होतं. तो उद्या परत निघणार होता. सामान नेतो म्हणाला, पण तीन किलोच्या वर नको.

तीन किलोत काय बसवायचं यावर महिपतांनी पंधरा दिवस अभ्यास केलेला. परदेशातल्या जवानांचे व्हिडिओ बघून बघून मोबाइल गरम व्हायचा. डोक्याला बांधायची बॅटरी. पायाच्या बुरशीची पावडर. जाड सुती मोजे, सहा जोड. डासांचं मलम, सुईदोरा, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. उपयोगाचं तेवढंच. खाऊबिऊ काही नाही.

तरुणपणी ते स्वतः भरतीला गेलेले. छाती दीड सेंटिमीटर कमी भरली आणि पुढची तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये फिटर म्हणून गेली. ते दीड सेंटिमीटर मुलानं भरून काढलं, असं लग्नाकार्यात कुणालाही धरून सांगायचे. साईनाथ ट्रेनिंगला निघाला तेव्हा त्यांनी त्याला दारातच बजावलेलं, "अर्धवट सोडून आलास ना, तर हे दार तुला बंद." नंदा तेव्हा गप्प बसली होती. त्याचं तिला अजून वाईट वाटायचं.

तिची काळजी एकच. पोरगा नीट जेवतो का? फोनवर आवाज खोल गेलेला असायचा. काय जेवलास विचारलं की "जेवलो गं" म्हणायचा आणि विषय बदलायचा.

अकराच्या सुमारास सुशांत आला. खुर्चीच्या टोकावर बसून पाणी प्यायला.

"पोचायला किती दिवस लागतील रे?" नंदानं विचारलं.

"आधी दिल्ली, मग विमान, पुढे गाडीनं. दहा-बारा दिवस धरा काकू."

"बारीक झालाय का तो?"

सुशांतनं मोज्यांकडे बघितलं. "थोडा. सगळेच होतात."

"तिकडे कारखाने आहेत का?"

"कारखाने? का हो?"

"परवा त्याचा फोन आलेला ना, तेव्हा मागे भोंगा वाजला. पाच वाजता."

महिपत मोठ्यानं हसले. "अगं, आपल्याकडे पाच म्हणजे तिकडे दुपारचा दीड. छावणीत सायरन वाजत असतात. काय रे, बरोबर ना?"

"हो काका. सायरनच."

"बघ! हिला सगळीकडे वागळे इस्टेटच दिसते."

आत कुकरची तिसरी शिटी झाली. नंदानं उठून गॅस बंद केला.

"जेवून जा रे, झालंच आहे."

"नको काकू, घाई आहे."

महिपतांनी सगळं सामान पिशवीत कोंबून काट्याला लावलं. तीन किलो दोनशे. मोज्यांचे दोन जोड निघाले, सुईदोरा राहिला. तीनला काटा थांबल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

"अहो, चिकटपट्टी संपलीय," नंदा म्हणाली. "खालून घेऊन या ना."

ते खाली गेले. नंदा पिशवी घेऊन आत गेली.

चिकटपट्टी घेऊन ते धापा टाकत वर आले, तर पिशवीचं तोंड तिनं सुतळीनं शिवून टाकलेलं.

"मग मला कशाला पळवलंस?"

"शिवलेलं जास्त टिकतं."

त्यांनी पिशवी पुन्हा काट्याला अडकवली. तीन किलोला शंभर ग्रॅम कमीच. "याला म्हणतात प्लॅनिंग," ते सुशांतला म्हणाले.

दारात नंदानं पिशवी स्वतः सुशांतच्या हातात दिली. "आडवी करू नकोस हं. उभीच धर. आणि वाटेत कुठे थांबू नकोस."

"नाही थांबत काकू."

महिपत खिडकीतून तो दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होते.

पिशवी दोन पायांच्या मध्ये उभी धरून सुशांतनं मोटरसायकल काढली. कल्याणचा रस्ता मागे राहिला. शीळफाट्याला तो ठाण्याकडे वळला.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या फाटकाशी तो पोचला तेव्हा जेवणाच्या सुटीचा भोंगा वाजत होता. पत्र्याच्या केबिनमधून वॉचमन बाहेर आला. निळा गणवेश खांद्यांवरून ओघळत होता.

"घरी काही कळलं नाही ना?" साईनाथनं विचारलं.

"नाही रे. काका तर हवेत आहेत. सांगून टाक ना एकदा, मेडिकलला गुडघ्यावरून काढलं म्हणून. यात तुझी काय चूक?"

"बाबांना? वेड लागलंय का तुला? आणि आईला कळलं तर ती रडून जीव देईल."

त्यानं केबिनमधल्या बाकावर पिशवी ठेवली आणि चावीनं सुतळी तोडली. बॅटरी नव्हती. मोजेही नव्हते. वर लाडवांचा डबा होता, त्याखाली जाड टॉवेलची गुंडाळी. ती सोडवताना त्याचा हात एकदम थांबला.

टॉवेलात स्टीलचा डबा होता. डब्यात वरणभात होता, वर तुपाची धार, कडेला लिंबाची फोड. अजून वाफ निघत होती.