बिनशेंदराचा दगड

"'हात लावू नये' अशी पाटी होती ना इथं?" पुरातत्त्व खात्यातल्या बाई कडाडल्या. रस्ता रुंद करताना उकरलेल्या मातीत जुना वीरगळ दुभंगून पडला होता.

जेसीबीवाला खाली उतरला. "म्याडम, पाट्या काय, रस्ताभर आहेत. शेंदूर फासलेला असता तर माझी काय हिंमत? पुढं म्हसोबा आहे, त्याला वळसा घालूनच रस्ता नेलाय. हा आपला नुसता दगड वाटला."

बाईंनी वीरगळाच्या तुकड्यावरची माती झटकली. गेल्या उन्हाळ्यात त्यांनीच गावाची समजूत काढून दोन्ही वीरगळांवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर हलक्या हाताने उतरवला होता. आतून घोडा, ढाल, लढणारा वीर निघाला, तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं होतं. पुन्हा शेंदूर लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

"तळ्याकाठच्या दुसऱ्याला तरी हात लावू नका."

"साहेबांनी उद्या तिथलंच खोदकाम सांगितलंय."

वाण्याकडून त्यांनी शेंदूर आणि तेल घेतलं. तळ्याकाठी गुडघे टेकले, गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये कोंबलं आणि दातओठ खात, वीराचे नाकडोळे बुजेपर्यंत त्या शेंदूर थापत राहिल्या.