मोकाट

हवाई दलातून निवृत्त झालेल्या कर्णिकसाहेबांनी ब्याऐंशी साली माले गावात जमीन घेतली आणि पूर्वी स्वतः चालवलेल्या लढाऊ विमानाचं रिमोटवर उडणारं, बैलाएवढं मॉडेल बनवलं. त्याच्या धावपट्टीवर चांगुणाबाईची म्हैस शिरली, तर त्यांनी ती मोकाट जनावरांच्या कोंडवाड्यात घातली. "आवरत नसेल तर पाळतेस कशाला?" असं वर सुनावलं. उपाशी राहून म्हशीचं दूध आटलं.

पुढच्याच रविवारी विमान रिमोटला जुमानेना. भरकटत गेलं आणि चांगुणाबाईच्या उभ्या भातात पडलं. साहेब शोधत शोधत दोन तासांनी धापा टाकत पोचले, तर भात आडवा झालेला आणि विमान गायब.

"माझं विमान कुठंय?"

 

"कोंडवाड्यात हाय. वैरण टाकलीया, पर तोंड लावंना."