जुळ्याचं माप

"ही लोकर मेली धुतली की आटते," रेवतीच्या पाठीला अर्धा विणलेला स्वेटर लावून आई पुटपुटली.

स्वेटर रेवतीचा नव्हता. तिचा जुळा भाऊ जयू आठ वर्षांचा असताना नदीच्या पुरात नाहीसा झाला. तेव्हापासून आई दर हिवाळ्याला रेवतीच्या मापावर, मुलगा म्हणून दोन बोटं वाढवून, त्याचा स्वेटर विणायची. विणकामाच्या वहीत लिहायची, 'वय नऊ. साठ टाके. थंडीआधी येईलच.' 'वय पंधरा. नव्वद टाके. गळा सैल ठेवलाय, त्याला काचतो.' बाबा आणि रेवती वर्षानुवर्षं गप्प राहिले.

यंदा रेवतीचं लग्न ठरलं. "आता माप कुणाचं घेशील गं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

आईने सुया मांडीवर ठेवल्या. "कुणाचंच नको. तुम्हा दोघांना आशा राहावी म्हणून विणत होते. जयू गेलाय, रेवा. त्याचा हात माझ्याच हातातून सुटला."