चूलदेवीचं तोंड

"यात देव कुठाय?" चुलीवरच्या भिंतीकडे बघत बाओवांग खेकसला.

"नीट बघा. चुलीत आहे," त्याची बायको गायलिएन म्हणाली.

लाल कागद कातरून केलेलं ते चित्र तिचंच. वर्षभर धूर खाऊन काळवंडलेलं. चीनमधल्या त्या गावात घरोघरी चित्रात चूलदेव ऐटीत बसतो आणि त्याची बायको शेजारी अंग चोरून. गायलिएनच्या कागदात देवी एकटीच ऐसपैस बसली होती. खाली चूल, आणि चुलीतून बाहेर आलेले दोन पुरुषी पाय. गोष्ट तर गावाला पाठ होती. चूलदेव मूळचा माणूस. बायकोला टाकून गेला, भिकेला लागला आणि नेमका तिच्याच दारी आला. तिने जेवू घातलं. तिला ओळखल्यावर लाजेने त्याने चुलीत उडी घेतली. म्हणून त्याचा देव झाला.

बाओवांगही शहरात दुसरी करून बसला होता. त्या दुसरीने हाकलल्यावर सुगीत परत आला. त्याने उडीबिडी काही घेतली नाही. दोनदा मागून जेवला आणि आठवड्याच्या आत गायलिएनवर हात उचलला. आता त्याला घरही हवं होतं. तिने अशी चित्रं कातरून विकत, कात्रीच्या जोरावर उभं केलेलं घर. आज वर्षअखेरीची चूलपूजा. ती पुरुषानेच करायची, आणि जो करील तो घराचा मालक. साक्षीला त्याने थोरल्या काकांना आणलं होतं. याच म्हाताऱ्याने याच चुलीपाशी तिच्या हातचा चहा पीत तिला शहाणपण शिकवलं होतं, "पोरी, मार खायचा आणि गप्प बसायचं."

"बायकांचे चाळे!" काकांनी चित्राकडे बघून नाक मुरडलं. "असू दे. उरक लवकर."

पूजा सोपी होती. आज चूलदेव वर जातो आणि घरात वर्षभर जे पाहिलं ते स्वर्गात सांगतो. म्हणून चित्र जाळण्याआधी त्याच्या ओठांना सातूचा चिकट पाक फासायचा. तोंड चिकटलं की चहाडी बंद. एवढ्या पाकावर गावातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या सज्जन राहत आले होते.

बाओवांगने बोटभर पाक देवीच्या तोंडाला लावला. बोट थेट भिंतीला टेकलं. पुन्हा लावला. पुन्हा भिंतच.

"तिथे कागदच नाही," गायलिएन म्हणाली. "तोंड मी उघडं कातरलंय. पेटवा आता."

बाओवांगने चित्र काढून चुलीपाशी धरलं. काडी काढली. देवीच्या त्या आ वासलेल्या तोंडाकडे बघितलं आणि काडीपेटी काकांपुढे केली. "तुम्ही थोरले. तुम्हीच पेटवा."

काका उंबरठ्यापर्यंत मागे सरले. "मी नाही बाबा! ती माझंही नाव घेईल."

गायलिएनने पुढे होऊन काडीपेटी घेतली आणि थोरल्या काकांच्या साक्षीने पूजा उरकली.