अंजिराची छाटणी

रत्नप्रभाबाई चार दिवस भावाकडे राहून परतल्या, तेव्हा परसात अंजिराचे नुसते खुंट उभे होते. माहेरच्या झाडाची फांदी लावून त्यांनी ते झाड सहा वर्षं वाढवलं होतं. "सासवडचे एक बागायतदार म्हणाले, छाटल्याशिवाय फळ धरत नाही," त्यांचे यजमान दिगंबरराव चाचरत म्हणाले.

त्या दिवसापासून बाईंनी बोलणंच टाकलं. ताट वेळेवर वाढलं जाई, पण शब्द नाही. दिगंबरराव रोज खुंटांना पाणी घालत आणि मनातल्या मनात त्या बागायतदारांचा उद्धार करत.

तिसऱ्या आठवड्यात खुंटांवर हिरवी टोकं फुटली. दिवाळी सरेपर्यंत फांद्या हातभर वाढल्या आणि पानापानाच्या बगलेत वाटाण्याएवढं अंजीर बसलं. आजवर झाडाला जेमतेम चार-पाच फळं यायची.

रत्नप्रभाबाईंनी एकेक पान उचलून पाहिलं.

"त्या बागायतदारांना रविवारी जेवायला बोलवा," त्या म्हणाल्या.

"झाड मी छाटलं," दिगंबरराव हळूच पुटपुटले.

"मग त्यांच्या शेजारी तुम्हीही बसा," असं म्हणून त्यांनी हसू लपवायला पानांकडे तोंड फिरवलं. पण दिगंबररावांना ते दिसलंच.